गॅरंटीतली जोडी

नव्याने दाराशी आलेल्या जिवाला काही काळ एकटं राहू द्यावं, ही सगळ्या संस्कृतींची पहिली शिकवण आहे. बाळंतीण दहा दिवस वेगळी असते, सुतकातला माणूस वेगळा बसतो, लांबच्या यात्रेहून आलेला आधी अंगणात पाय धुतो. मग तो मुका जीव असो की बोलका, त्याला एकांत देणं हा यजमानाचा धर्म आहे.

हा मजकूर माझाच आहे. सिल्वासाच्या सरकारी बागेतल्या सर्पालयाला एक जादा खोली मिळावी म्हणून मी केलेल्या टिपणीचा तो पहिला परिच्छेद. टिपणी इंग्रजीत होती, त्यामुळे आणखीच भारदस्त वाटत होती. ती चार टेबलांवर फिरली आणि सात महिन्यांनी खोली मिळाली. बागेच्या मागच्या बाजूची, बंद पडलेल्या पंपाची. पंप आतच होता. तो हलवायला दुसऱ्या खात्याची मंजुरी लागत होती. म्हणून मी तिथे असेपर्यंत प्रत्येक नव्या सापाने आपला एकांत त्या पंपाच्या सोबतीने काढला.

मी मूळचा पेणकडचा. पशुसंवर्धन खात्यात, गाई-म्हशींना इंजेक्शनं देण्याच्या कामावर सिल्वासाला आलो. पुढे प्रशासनाने बाग केली, बागेत सर्पालय केलं, आणि जनावर म्हटलं की पशुसंवर्धन, या न्यायाने माझी तिथे नेमणूक झाली. तोपर्यंत मी साप पाहिले होते ते बहुतेक पाठमोरे. शिकलो ते पुस्तकांतून, मुंबईकडच्या एका सर्पतज्ज्ञांना पत्रं लिहून आणि सर्पालयातल्या रोजंदार जान्याकडून.

काम काय असतं ते थोडक्यात सांगतो. लोकांना वाटतं सापवाला म्हणजे धाडसी माणूस. खरं तर तो झाडूवाला असतो. पेट्या धुवायच्या, पाणी बदलायचं, कोण जेवलं, कोण जेवलं नाही, कोणाची कात अडकली ते बघायचं. आणि नवा साप आला की तीन महिने वेगळा ठेवायचा. त्याच्या अंगावर मोहरीच्या दाण्याहून बारीक गोचिड्या असतात, त्याचं तोंड आलेलं असू शकतं, छातीत कफ असू शकतो. साप खोकत नाही की कण्हत नाही; तो आजारी असल्याचं कळतं तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. म्हणून नव्याची काठी वेगळी, पाण्याचं भांडं वेगळं, आणि त्याच्याकडे जायचं ते सगळ्या जुन्यांचं उरकल्यावर, सर्वांत शेवटी. परत येताना फिनेलच्या पाण्यात पाय बुडवायचे. याला आम्ही कागदावर ‘क्वारंटाइन’ म्हणत असू. जान्याच्या कानाला तो शब्द ‘गॅरंटी’ असा लागला आणि तोच रूढ झाला. ‘नवी घोणस गॅरंटीत हाय,’ असं तो सांगायचा आणि नरोलीच्या कारखान्यांतून रविवारी फिरायला आलेले कामगार विचारायचे, ‘किती वर्षांची?’

हे कामगार आमचं मुख्य गिऱ्हाईक. भाड्याच्या एका खोलीत सहा-सहा जण राहणारे, सुट्टीच्या दिवशी फुकटात बघण्यासारखं दुसरं काही नाही म्हणून येणारे. एकाने मला सापाची कात मागितली. ती खिशात ठेवली की फोरमन बोलत नाही, असं त्याला कोणी सांगितलं होतं. मी दिली. महिन्याने तो मुद्दाम सांगायला आला, की फोरमन आता खरोखरच बोलत नाही. त्याला कामावरून काढलं होतं.

जान्या वारली जमातीचा, खडोलीकडचा, तेव्हा पन्नाशीला आलेला. तो नोकरी मागायला आलेला नव्हताच. त्याची जमीन कारखान्यासाठी गेली, बांधाचे दगड उपसायला यंत्र आलं, तेव्हा दगडांतून एक अजगर निघाला. यंत्रवाला त्याला मारायला धावला. जान्याने अजगर पोत्यात घातला आणि खांद्यावर टाकून आठ-नऊ मैल चालत आमच्याकडे आणला. पोतं खाली ठेवून म्हणाला, ‘हा माझ्या शेतातला. ह्याला ठेवा.’ दुसऱ्या दिवशी तो जेवतो का ते बघायला आला, तिसऱ्या दिवशीही आला. आठवड्याने मी त्याला रोजंदारीवर घेतलं, कारण तो नाहीतरी येतच होता.

त्या अजगराचं नाव दादा. नऊ फुटांचा, अंगावर पिकल्या पानासारखे पट्टे, डाव्या डोळ्याखाली यंत्राच्या दातऱ्याचा वण. जान्याचं सर्पज्ञान सगळंच ग्राह्य होतं असं नाही. अजगर नुसत्या श्वासाने म्हैस ओढून घेतो, यावर त्याचा ठाम विश्वास होता. मी म्हटलं, ‘अरे, दादाला कोंबडी गिळायला अर्धा तास लागतो.’ तर म्हणाला, ‘तो इथं सरकारी झाला ना, साहेब.’ पण दादा कोणत्या कुशीवर वळला तर बरं नाही, हे त्याला माझ्याआधी कळायचं. रोज सकाळी तो दादाच्या पिंजऱ्यापाशी उकिडवा बसून पाच मिनिटं बोलायचा. शेतातल्या आंब्याला मोहोर आला असेल, असलं काहीतरी. आंबा तोडून तीन वर्षं झाली होती.

दादा आमच्याकडे सहा वर्षं होता तेव्हा लक्ष्मी आली.

खडोलीला सिंथेटिक धाग्याचा कारखाना चालवणारे एक शेठ होते. त्यांनी आपल्या खुर्चीमागे काचेच्या कपाटात अजगर पाळला होता. कारखाना काढला त्या आठवड्यात तो आवारात सापडला, म्हणून नाव लक्ष्मी. कपाटाला रोज हार, उदबत्ती. कामगार आत आले की आधी लक्ष्मीला नमस्कार करत, मग शेठना, आणि मग पगारवाढीचं बोलायचं होतं ते विसरत. अजगर पाळणं हा गुन्हा आहे असं कोणीतरी शेठच्या कानावर घातलं, तेव्हा त्यांनी त्याच दिवशी लक्ष्मी सर्पालयाला ‘दान’ केली. स्वतः गाडीतून घेऊन आले. डोळ्यांत पाणी होतं.

‘साहेब, घरची मुलगी देतो तुमच्याकडे,’ शेठ म्हणाले. ‘बराबर सांभाळजो. एसीमध्ये वाढलेली छे.’

मी पोचपावती लिहिली : अजगर, मादी, एक. मादी हे मी शेठच्या सांगण्यावरून लिहिलं. अजगराच्या शेपटीच्या मुळाशी दोन बाजूंना दोन बारीक नखं असतात, कोण्या काळी असलेल्या पायांची खूण. नराची नखं मोठी असतात. लक्ष्मीची मला मोठी वाटली होती. पण इतकी वर्षं हार घालणाऱ्या माणसापुढे नखांवरून वाद घालणं बरं दिसेना. शिवाय नव्या सापाला कमीत कमी हाताळावं, हा नियम होताच. माझ्या आळसाला तो नेहमी उपयोगी पडे.

लक्ष्मी गॅरंटीत गेली. नोव्हेंबर संपत आला होता.

पंधरा दिवसांनी प्रशासनाचे मोठे साहेब बाग बघायला आले. त्यांचं नाव सांगत नाही. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांना पाट्यांची हौस होती. त्यांच्या काळात सिल्वासात इतक्या पाट्या लागल्या, की नवख्या माणसाला वाटावं इथे सगळं आहे. त्यांनी दादाला पाहिलं, पंपाच्या खोलीच्या जाळीतून लक्ष्मीला पाहिलं आणि विचारलं, ‘एक नर, एक मादी. मग वेगवेगळे का?’

मी तीन महिन्यांचा नियम सांगितला.

‘म्हणजे फेब्रुवारी. आणि यांचा जुळण्याचा मोसम कधी असतो?’

‘डिसेंबर ते फेब्रुवारी, साहेब.’

‘म्हणजे तुमचा नियम संपेल तेव्हा मोसमही संपेल.’ ते हसले. ‘दोन ऑगस्टला आपल्या प्रदेशाचा मुक्तिदिन आहे. त्या दिवशी लोकांना अजगराची पिल्लं दाखवता आली तर? मी पाटी करायला टाकतो. सर्प प्रजनन केंद्र. नियम मोडा असं मी म्हणत नाही. मार्ग काढा.’

‘मार्ग काढा’ हे शब्द ज्यांनी सरकारी नोकरी केली आहे त्यांना परिचित असतील. मी ‘होत नाही’ म्हणालो असतो तर ते रागावले नसते, पाटी फक्त दुसऱ्या खात्याकडे गेली असती. पण मला वाटलं, या प्रश्नाला एक सुंदर उत्तर आहे. वाचनाचा हा एक तोटा असतो, माणसाला वाक्यं सुचतात. त्याच संध्याकाळी मी टिपणी लिहिली. नव्या मादीला क्वारंटाइनमधून बाहेर काढता येत नाही हे खरं. परंतु जुन्या नरास क्वारंटाइनमध्ये दाखल करून घेण्यास कोणत्याही नियमाची आडकाठी दिसत नाही.

दोन दिवसांत मंजुरी आली. वर मोठ्या साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं : ‘उत्तम.’ मी तो कागद घरी नेऊन बायकोला दाखवला. तिने वाचला आणि विचारलं, ‘पण त्याला काही झालं तर?’ मी म्हटलं, ‘तू भाजी टाक.’

जान्याला सांगितलं तेव्हा तो दादाच्या पिंजऱ्यापुढून उठलाच नाही.

‘दादाला गॅरंटीत का टाकता? तो तर जुना हाय.’

‘नावापुरतं रे. लग्न करायचंय त्याचं.’

‘मग ती बरी हाय असं कळू द्या. मंग करा.’

‘तोवर दिवस निघून जातील.’

‘जातील तर जातील. पुढल्या थंडीत करा. दादा काय म्हातारा झाला का?’

मी साहेब होतो. मी म्हणालो, ‘जान्या, मंजुरी आलीये.’ तो उठला. त्याच्या जमिनीच्या वेळीही मंजुरीच आली होती.

दादाला त्यानेच उचलून नेलं. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी दोघे एकमेकांना वेढे घालून होते. अर्धी अंगं उभी, एकमेकांना पिळतायत, खाली दाबतायत. बातमी बागेभर गेली. शेठ पेढे घेऊन आले. मोठे साहेब आले, जाळीपाशी दोन मिनिटं गंभीरपणे उभे राहिले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘अभिनंदन.’ जणू यात माझाही काही वाटा होता.

शेठनी विचारलं, ‘जावई कसा वाटतो, जान्याभाई?’

जान्याने पेढा घेतला नाही. ‘शेठ, हे लगीन नाय. ही मारामारी हाय.’

सगळे हसले. शेठ म्हणाले, ‘अरे, लगीन आणि मारामारी, दोन्ही एकच छे!’ पुन्हा सगळे हसले. मीही हसलो. आपल्याकडे दोन साप वेढे घालून दिसले की लोक लांबून पंचा टाकतात, तो घरात जपून ठेवतात, कारण ते मीलन असतं. पुष्कळदा ते दोन नर असतात आणि जोर करत असतात, हे मी वाचलेलं होतं. वाचलेलं योग्य वेळी आठवणं ही वेगळी विद्या आहे.

आठवड्याने लक्ष्मीच्या नाकाशी बुडबुडा दिसला. मी मनाशी म्हटलं, पाणी प्यायली असेल. दोन दिवसांनी तिच्या ओठाच्या कडेला पांढरं साय धरल्यासारखं दिसलं, तेव्हा मनाशी म्हणण्यासारखं काही उरलं नाही. तोंड आलं होतं. एसीच्या गारव्यात, काचेच्या कपाटात ती ते कधीपासून अंगात बाळगून होती कोणास ठाऊक. दादाला त्या दिवशीच बाहेर काढलं, पण बाहेर म्हणजे कुठे? तो आता रोग्याजवळ राहून आलेला होता. इतर सापांत त्याला नेता येत नव्हतं. माझ्याच वाक्यात मी सापडलो होतो. त्याला अवजारांच्या कोठीत ठेवलं. मारामारीत लक्ष्मीच्या नखांनी त्याच्या अंगावर चरे पडले होते, ते चिघळू लागले.

मला येत होतं ते सगळं केलं. म्हशींना देतो तेच इंजेक्शन, वजनाचा हिशेब करून. पोटॅशच्या गुलाबी पाण्याने दोघांची तोंडं धुतली. जान्या दादाचं डोकं धरायचा आणि मी कापसाने पांढरा थर काढायचो. खाली हिरडी रक्ताळलेली असे. दादाने एकदाही चावायचा प्रयत्न केला नाही. आजारी अजगर चावला तर बरं वाटतं, अजून अंगात काही आहे असं वाटतं. कोठीत शंभराचा दिवा लावून ऊब केली. जान्या घरून पेंढा घेऊन आला. माझ्याशी कामापुरतं बोलायचा. एकदाच म्हणाला, ‘तुमचा काय दोष नाय, साहेब. तुम्हाला लिवता येतं ना.’

हे त्याने टोमणा म्हणून म्हटलं की समजूत म्हणून, ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी नवाच्या सुमारास दादा गेला. साप मेला हे लगेच कळत नाही. जान्या त्याला हात लावून बराच वेळ बसला आणि मग त्याने दिवा बंद केला.

मी पंचनामा केला. पुढचा नियम होता आवारातच विल्हेवाट लावण्याचा. जान्या म्हणाला, ‘शेतात नेतो.’ मी नियमाचा विचार न करता होकार दिला. थोडी अक्कल उशिरा का होईना आली होती. सरकारी जीप मिळाली नाही. बसने गेलो, पोतं दोघांच्या पायांत ठेवून.

जान्याचं शेत म्हणजे आता कारखान्याचं, शेठच्या नव्हे, दुसऱ्याच एका कारखान्याचं मागचं आवार. गेटवर धुळ्याकडचा एक वॉचमन होता. भला माणूस, आम्हाला बसायला स्टूल दिलं.

‘पोत्यात काय आणेल आहे, आप्पा?’

‘माझा अजगर. इथलाच हाय. मेला.’

वॉचमनने पोत्याला लांबूनच हात जोडले. ‘पण आप्पा, आत काहीबी न्यायचं म्हणजे गेटपास लागतो. मटेरियलचं नाव, नग, कोणाकडे जायचंय. साहेब, तुम्हीच सांगा, मी सोडलं तर माझी नोकरी जाईन.’

त्याचं म्हणणं बरोबर होतं. मी तरी दुसरं काय करत आलो होतो? आम्ही कुंपणाच्या भिंतीला वळसा घालून मागे गेलो. भिंत आणि रस्ता यांच्यामध्ये तीन हात जागा होती. जान्याने खणलं. खणताना भिंतीकडे बघून म्हणाला, ‘बांध इथूनच जायचा. चार पावलं आत.’

गंमत पुढेच आहे. लक्ष्मी वाचली. मार्चमध्ये माझ्या पत्रावरून ते सर्पतज्ज्ञ आले. त्यांनी लक्ष्मीला उलटं करून नखं पाहिली, एक बारीक बोथट सळई घेऊन तपासलं आणि माझ्याकडे पाहिलं. ‘ही मादी आहे असं कोणी सांगितलं तुम्हाला?’

मी म्हटलं, ‘पोचपावतीवर आहे.’

दोन्ही नर होते. जान्याने पाहिलं ते बरोबर पाहिलं होतं. शेठना हे कळवणं मला जड गेलं, पण त्यांना काहीच जड गेलं नाही. क्षणभर विचार करून म्हणाले, ‘मग नाव बदली करी नाखो. लक्ष्मीनारायण.’

मुक्तिदिनाला पाटी लागली. सर्प प्रजनन केंद्र. खाली पिंजऱ्यात लक्ष्मीनारायण एकटा होता. लोकांनी रांग लावून पाहिला. जान्या त्या दिवशी आला नाही. त्याआधीच, वार्षिक अहवाल तयार होत असताना, त्याने मला एकदा विचारलं होतं, ‘दादाचं काय लिवलं तुम्ही?’ सर्पालयातील मृत्यू या रकान्यात मी ‘निरंक’ लिहिलं होतं. दादा मेला तेव्हा माझ्याच टिपणीप्रमाणे तो सर्पालयात नव्हता, कागदावर क्वारंटाइनमध्येच होता, आणि क्वारंटाइनला रकाना नव्हता. मी त्याला ते वाचून दाखवलं.

‘निरंक म्हंजे?’

‘म्हणजे कोणी मेलं नाही.’

 ‘बराबर,’ म्हणाला आणि पाण्याची बादली उचलून गेला. पावसाळा संपल्यावर त्याने काम सोडलं.

तो गेल्यावर मी आणखी एक टिपणी केली. त्यात सुभाषित घातलं नाही. नर-मादी न तपासता पोचपावती दिली, नियमाला पळवाट काढली, निरोगी जनावर रोग्याजवळ कोंडलं, साप सांभाळणारा रोजंदार हरकत घेत असता ऐकलं नाही, आणि या सगळ्याला मी जबाबदार आहे, असं सरळ लिहिलं. यापुढे असं कोणी करू नये म्हणून नियमात काय शब्द घालावेत तेही सुचवलं. जान्याचं पूर्ण नाव घातलं. चार पानं झाली.  चौकशी लागेल, कदाचित बढती जाईल, याची तयारी केली होती. खरं सांगायचं तर चौकशी व्हावी असंच वाटत होतं.

पाच आठवड्यांनी टिपणी परत आली. समासात लाल शाईने शेरा होता : पानांना क्रमांक घालावेत.

मी घातले.